मरणाचे भय आणि मराठी कवितेतील निसर्ग : सिंदेवाहीच्या वनप्रदेशातून एक वाचन

प्रास्ताविक

मृत्यूचे भय ही माणसाची आदिम भावना होय. या भयाला धर्माने परलोकाचे आणि तत्त्वज्ञानाने आत्म्याच्या अविनाशित्वाचे उत्तर दिले. कवितेने मात्र बहुतेक वेळा निसर्गाकडे बोट दाखविले. मावळणारा सूर्य, गळणारे पान, समुद्राला मिळणारी नदी, मातीत गडप होणारे बी या प्रतिमा इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत की त्यांच्यामागील युक्तिवाद सहसा तपासला जात नाही. पदवी वर्गासाठीच्या टिपणांतून तर ‘कवीने निसर्गाच्या माध्यमातून मृत्यूचे सहर्ष स्वागत केले आहे’ हे वाक्य ठरूनच गेले आहे. ते वाक्य खोटे नाही. परंतु ते कोणत्या मरणाविषयी खरे आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात हा प्रश्न टाळता येत नाही. धानाच्या बांध्या, जुने तलाव आणि गावाच्या शिवाला भिडलेले जंगल हे या परिसराचे रूप आहे. येथे मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचली जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला जातो. मे २०२५ मध्ये ब्रह्मपुरी वनविभागातील सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा गावातून आलेल्या विद्यार्थ्यासमोर ‘निसर्ग मृत्यूचे भय हलके करतो’ हे विधान ठेवले जाते, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते विधान उलटे होते. ज्याच्याकडून दिलासा मिळावयाचा, त्याच्याकडूनच मरण आलेले असते.

व्यवहारातील मराठीनेही या पेचाची एक गमतीदार नोंद करून ठेवली आहे. कार्यालयीन भाषेत वार्धक्याने किंवा आजाराने आलेल्या मरणास ‘नैसर्गिक मृत्यू’ म्हणतात. साप, वाघ, वीज यांनी आलेले मरण या सदरात बसत नाही. ते ‘अकस्मात’ किंवा ‘हल्ल्यातील’ मृत्यू म्हणून नोंदविले जाते. म्हणजे प्रत्यक्ष निसर्गाच्या हातून आलेल्या मरणाला भाषा नैसर्गिक म्हणावयास तयार नाही. या शब्दयोजनेत जी धारणा दडलेली आहे, तीच मराठी निसर्गकवितेतील मृत्यूविचारामागेही आहे असे दिसते. प्रस्तुत लेखात या धारणेचा शोध काही निवडक कवितांच्या आधारे घेतला आहे. निसर्गातून मिळणारा दिलासा दोन वेगळ्या वाटांनी येतो, एक वेळेच्या आणि दुसरी जागेच्या. मराठी कवितेने पहिल्या वाटेचा मनसोक्त वापर केला, दुसरी वाट तिला क्वचितच सापडली, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

सांजवेळेचा दिलासा

मराठी काव्यपरंपरेत या विचाराचा आरंभ अर्थातच ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) सापडतो. दुसऱ्या अध्यायात जन्ममरणाची अपरिहार्यता सांगताना ज्ञानदेव पाण्याच्या घटिकायंत्राचा आणि सूर्याच्या उदयास्ताचा दृष्टान्त देतात. अस्ताला जाणाऱ्या सूर्याबद्दल कोणी शोक करीत नाही, कारण तो क्रम अखंड चालणारा आहे, हा त्याचा आशय. येथे निसर्ग दिलासा देतो तो त्याच्या सौंदर्यामुळे नव्हे. तो नियमित आहे, म्हणून देतो. सूर्यास्त सुंदर असतो की नाही याच्याशी ज्ञानदेवांना कर्तव्य नाही. तो ठरल्या वेळी होतो, एवढेच त्यांना पुरेसे आहे.

आधुनिक काळात भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांनी हा नियम भावगीताच्या सुरात आणला. मृत्यू हा तांब्यांच्या उत्तरकालीन कवितेचा स्थायी विषय आहे. ग्वाल्हेरच्या या राजकवीला मृत्यू कधी सासरी नेणाऱ्या प्रियकरासारखा वाटतो, कधी मावळतीच्या सूर्याला अर्घ्य देताना तो आठवतो. त्यांच्या ‘घन तमीं’ या कवितेतील युक्तिवाद विशेष लक्षणीय आहे. फूल नाहीसे होते तेव्हा फळ धरते, बी नाहीसे होते तेव्हा झाड उभे राहते, तेल संपते तेव्हा ज्योत तेवते. मग मरणातच अमरत्व आहे असे का मानू नये, असा प्रश्न कवी विचारतो. ही प्रतिमामाला इतकी नेटकी आहे की वाचक प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देऊन मोकळा होतो. परंतु थोडे थांबून पाहिल्यास असे आढळते की या तीन प्रतिमा सारख्या नाहीत. फूल फळ होते, म्हणजे तेच पुढे जाते. बीजाचेही तसेच. तेल मात्र ज्योत होत नाही. ते ज्योतीसाठी जळते. पहिल्या दोन प्रतिमांत मरणारा स्वतः रूपांतर पावतो, तिसऱ्यात तो दुसऱ्यासाठी संपतो. तांब्यांच्या लयीत हा फरक विरघळून जातो, आणि कविता म्हणून ते त्यांचे यशही आहे. तथापि भयाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ‘माझे काय होईल’ या भीतीला ‘तुझ्यामुळे दुसरे काही उजळेल’ हे उत्तर पुरेसे होतेच असे नाही.

तांब्यांची याहून अधिक प्रामाणिक कविता म्हणजे आपल्या मागे जग काय करील याची कल्पना करणारी ‘जन पळभर म्हणतिल’ ही होय. लोक क्षणभर हळहळतील व कामाला लागतील. आकाशातील क्रम, पाऊस, पिके, नद्या यांत कशानेही खंड पडणार नाही, असे कवी सांगतो. येथे निसर्ग प्रथम निर्दय वाटतो. माणसाच्या जाण्याची त्याला दखलही नाही. परंतु कवितेच्या शेवटी हीच बेफिकिरी उपयोगी पडते. ज्या जगाला आपली गरज नाही त्याला चिकटून तरी का राहावे, शांतीत विलीन का होऊ नये, असा तिचा कल होतो. दिलासा येथे गोडीगुलाबीने आलेला नाही. एका कटू निरीक्षणातून तो निघाला आहे. तांब्यांच्या मृत्युकवितांमध्ये ही रचना वरच्या दर्जाची मानावयास हवी, ती याच कारणाने. लोकप्रिय गीत झाल्यामुळे तिच्या मधल्या कडव्यांतील हा कोरडेपणा ऐकणाऱ्याच्या कानावरून निसटतो, ही वेगळी गोष्ट.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याकडे वळले की या युक्तिवादाला मातीचे वजन येते. त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालेल्या कवितांमध्ये जगणे आणि मरणे यांतील अंतर एका श्वासाचे आहे, असे सांगितलेले आहे. आणि मातीखाली पांघरूण घेऊन झोपलेल्या बियाण्याचे चित्रही आहे. ही दोन टोके एकाच कवयित्रीने धरली, हे महत्त्वाचे. बहिणाबाईंना तरुण वयात वैधव्य आले. तरीही त्यांनी पतीच्या मरणाला बियाण्याची प्रतिमा लावलेली नाही. वैधव्यावरील त्यांच्या कवितेत पुसलेले कुंकू, फुटलेल्या बांगड्या आणि उरलेले मनगट आहे, शेत नाही. ज्या बाईने आयुष्यभर बी पेरले आणि उगवताना पाहिले, तिने या ठिकाणी पेरणीची उपमा हातातून खाली ठेवली. निसर्गप्रतिमा कोठे वापरू नये याचे ज्ञान हे प्रतिमा वापरण्याच्या ज्ञानाइतकेच काव्यात मोलाचे असते. अभ्यासकांनी बहिणाबाईंच्या सहजतेचे कौतुक पुष्कळ केले; या संयमाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले.

ज्ञानदेव, तांबे आणि बियाण्याची कविता लिहिणाऱ्या बहिणाबाई यांच्या दिलाशाचा पाया एकच आहे, तो म्हणजे वेळ. सायंकाळ झाली की सूर्य जातो, पिकले की फळ गळते, हंगाम आला की बी रुजते. मरण या क्रमात बसविता आले की त्याचा धक्का कमी होतो. म्हणूनच ही कविता वृद्ध माणसाच्या शोकसभेत इतकी चपखल बसते. पिकल्या पानाबद्दल बोलणे सोपे असते.

अवेळी

मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना आलेले मरण या क्रमात बसत नाही. तेथे सायंकाळ नसते आणि पिकलेले पानही नसते. उलट तेंदूची पाने कोवळी असतानाच तोडावी लागतात. सर्पदंशाने रोवणीच्या दिवसांत गेलेला तरुण, विजेने गेलेला गुराखी यांच्यापुढे उदयास्ताचा दृष्टान्त उभा राहू शकत नाही. वेळेच्या दिलाशाची मर्यादा येथे उघडी पडते.

ही मर्यादा प्राचीन काव्याला ठाऊक होती. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात राणी इंदुमती बागेत फिरत असताना आकाशातून नारदाच्या वीणेवरील फुलांची माळ तिच्या अंगावर पडते आणि ती मरते. मारणारी वस्तू फुलांची आहे. निसर्गातील अत्यंत कोमल वस्तूनेच प्राण घ्यावा, ही योजना कवीने हेतुपूर्वक केली असावी. अजराजाच्या विलापानंतर वसिष्ठ शिष्याकरवी निरोप पाठवितात. देहधाऱ्यांना मरण हीच प्रकृती आणि जगणे ही विकृती, असा त्या निरोपाचा गाभा. मरणभयावर निसर्गाच्या नावाने दिलेला इतका नेमका उपदेश अन्यत्र मिळणे कठीण. ‘प्रकृती’ हा शब्दच येथे दोन्ही अर्थांनी काम करतो. आणि तरीही अजाचे समाधान होत नाही. पिंपरणीचा कोंभ प्रासादाची गच्ची फोडतो तसा शोक त्याचे हृदय फोडतो, असे कालिदास म्हणतो. मुलगा लहान म्हणून तो आठ वर्षे कशीबशी काढतो आणि नंतर गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवतो. उपदेशात निसर्ग दिलासा देणारा आहे, उपमेत तोच निसर्ग भिंत फोडणारा आहे. कालिदासाने या दोहोंपैकी एकाची निवड केली नाही.

मराठीत निसर्गाचा आनंद ज्याने सर्वांत उत्कटतेने गायिला, त्या बालकवींच्या कवितेतही दिलासा अखेरपर्यंत टिकलेला नाही. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० मध्ये धरणगाव येथे झाला आणि ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला. या अंतावरून त्यांच्या कवितांत मृत्यूची चाहूल शोधण्याची एक सवय मराठी समीक्षेला लागली आहे. ती टाळलेली बरी. अपघात कवितेत आधी लिहिलेला नसतो. मात्र चरित्र बाजूला ठेवूनही ‘पारवा’ आणि ‘खेड्यातील रात्र’ या रचनांतील निसर्ग ‘फुलराणी’तील निसर्गापेक्षा अगदी निराळा आहे, हे नाकारता येत नाही. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसलेला पारवा उदास सुरात घुमतो आणि त्याच्या घुमण्याला कोणतेही सांत्वनपर उत्तर कविता देत नाही. ‘खेड्यातील रात्र’मध्ये अंधार भयानकच राहतो. रात्रीनंतर पहाट होते, हा हुकमी दिलासा कवीच्या हाताशी होता. ‘अरुण’ लिहिणाऱ्याला तो सुचला नसेल असे नाही. त्याने तो वापरला नाही.

पुढील काळात बा. सी. मर्ढेकरांनी ओल्या पिपात मेलेल्या उंदरांची कविता लिहिली आणि मराठी वाचक हादरला. त्या कवितेच्या दुर्बोधतेची चर्चा पुष्कळ झाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एकच गोष्ट नोंदवावयाची. तेथे मरण आहे, परंतु त्याला ना वेळ आहे ना जागा. पिंप ही जागा नव्हे. ती साठवण आहे. निसर्गाचा आधार काढून घेतल्यावर मरण कसे दिसते, याचे ते चित्र होय. वैदर्भीय कवी ग्रेस (१९३७–२०१२) यांच्या ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७) या संग्रहात सायंकाळ परत येते. पण ती तांब्यांची सायंकाळ नव्हे. तिच्यात काही पूर्ण होत नाही, दुःखच गडद होत जाते. वेळेवरचा विश्वास मराठी कवितेने स्वतःच अशा रीतीने हळूहळू सोडून दिलेला दिसतो.

जागेचा दिलासा

मग अवेळीच्या मरणाला निसर्गाकडून काहीच मिळत नाही काय? या प्रश्नाच्या उत्तरासाठी छापील कवितेच्या बाहेर, सिंदेवाहीपासून फार दूर नसलेल्या ताडोबाच्या तलावाकाठी जावे लागते.

ताडोबा हे नाव आज व्याघ्रदर्शनामुळे सर्वांना ठाऊक आहे. १९५५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु हे नाव एका मेलेल्या माणसाचे आहे, याचा विसर पर्यटकांना सहज पडतो. तारू नावाचा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मरण पावला आणि लोकांनी त्याला देव मानले, अशी कथा आहे. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे ठाणे असून पौषात तेथे आदिवासींची जत्रा भरत असे. कथेचा ऐतिहासिक खरेखोटेपणा येथे महत्त्वाचा नाही. तिची रचना पाहण्यासारखी आहे. तारूचे मरण अवेळीचे आहे; ते निसर्गाने, म्हणजे वाघाने, घडविलेले आहे. कथा ते मरण सुंदर करीत नाही, तो पुन्हा जन्माला आला असेही सांगत नाही. वाघाला दुष्ट ठरवून ती जंगलाकडे पाठही फिरवीत नाही. ती एवढेच करते की ज्या जंगलाने त्याला नेले, त्याच जंगलात पाण्याजवळ, झाडाखाली, त्याला एक जागा देते. तलाव, जंगल आणि वाघ या सर्वांवर मग त्याचेच नाव पडते. वाघोबाची पूजा करणाऱ्या गावांतूनही हीच दृष्टी दिसते. भय नाहीसे झालेले नसते. त्याला जंगलाच्या काठावर एक ठाणे मिळालेले असते, आणि जाता-येता तेथे हात जोडता येतात.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात माडिया गोंडांमध्ये मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवण्याची चाल आहे. हे दगड कोणी घडवीत नाही, त्यांवर नाव कोरत नाही. जंगलातलाच दगड, जंगलातल्याच जमिनीत उभा केलेला. मरण पावलेल्याचे वय काय, तो पिकला होता की कोवळा होता, असे तो दगड विचारीत नाही. वेळेच्या दिलाशाला ही सोय नाही. त्याला आधी वय विचारावे लागते.

इंग्रजी काव्यात या दुसऱ्या वाटेचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वर्डस्वर्थच्या १८०० साली प्रकाशित झालेल्या ल्यूसीविषयक कवितांपैकी एका आठ ओळींच्या कवितेत मेलेली मुलगी पृथ्वीच्या दैनंदिन फिरण्याबरोबर दगड, खडक आणि झाडे यांच्यासमवेत फिरत राहते. हा दिलासा आहे की भीषण शांतता, यावर समीक्षकांचे आजही एकमत नाही. त्या मतभेदातच कवितेचे बळ आहे. वर्डस्वर्थने ल्यूसी फूल झाली, तारा झाली असे म्हटले नाही. ती कोठे आहे, एवढेच सांगितले. याउलट अमेरिकन कवी ब्रायंट याच्या ‘थॅनाटॉप्सिस’मध्ये (१८१७) निसर्ग भ्यालेल्या माणसाशी बोलतो, सारी पृथ्वी ही राजेमहाराजांसह सर्वांची एकच भव्य समाधी आहे असे त्याला समजावतो आणि झोपेला जावे तसा मरणाला सामोरा जा, असा शेवट होतो. ही रचना भव्य खरी; पण एवढ्या मोठ्या समाधीत एकट्या माणसाची जागा सापडत नाही.

आदिवासी कवींच्या मराठी कवितेने जंगलाला दिलाशाचे साधन म्हणून वापरण्याचे बहुधा नाकारलेच. विनायक तुमराम यांच्या संग्रहाचे ‘गोंडवन पेटले आहे’ हे नावच पुरेसे बोलके आहे. जे जंगल हिरावले जात आहे त्याच्या कुशीत शांतपणे निजण्याची भाषा तेथे संभवत नाही. हा नकार समजून घेतला पाहिजे. मृत्यूचे भय हलके करण्यासाठी जंगल वापरावयाचे, तर ते आधी आपले असावे लागते. नागर कवीने जंगल पाहिलेले असते. तेथे राहणाऱ्याने त्यावर पोट भरलेले असते, आणि कधी त्याला माणूसही दिलेला असतो.

झाडीपट्टीतील धानशेतीत जागेची एक प्रतिमा तयार आहे, तिचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. परहे आधी एका ठिकाणी दाट वाढवितात, मग उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत रोवतात. उपटलेला परहा दोन-चार दिवस पिवळा पडतो आणि मग मूळ धरतो. येथील नवोदित कवी ही प्रतिमा मरणाला लावतात, तेव्हा ती आकर्षक वाटते. परंतु ती खरी नाही. परहा मरत नाही. त्याची जागा बदलते, एवढेच. सासरी जाणाऱ्या मुलीला ही प्रतिमा शोभते, जंगलातून परत न आलेल्या आईला शोभत नाही. बहिणाबाईंनी दाखविलेला संयम येथे उपयोगी पडावा.

‘औदुंबर’ : एक पुनर्वाचन

मराठी कवितेत जागेचा दिलासा क्वचितच सापडतो, असे आरंभी म्हटले. ज्या एका कवितेत तो पूर्णत्वाने आला आहे, ती बालकवींची ‘औदुंबर’ होय. आठ ओळींच्या या कवितेवर मराठीत जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या छोट्या कवितेवर लिहिले गेले असेल. कोणी तिच्यात विरक्त योगी पाहिला, कोणी दत्तसंप्रदायातील औदुंबराचा संकेत पाहिला, कोणी ती निखळ चित्र आहे, तिला अर्थ चिकटवू नये असे बजावले. चित्रवादी समीक्षकांचे म्हणणे एका अर्थी बरोबर आहे; कवितेत मृत्यूचा उल्लेख नाही. तरीही तिच्या चित्राचा क्रम पाहावा. दोन्ही काठांवर हिरवळ असलेला झरा, टेकडीपलीकडे चार घरांचे गाव, मग शेते, मग शेतांतून वाकडी जाणारी पांढरी पायवाट, मग कुरणे, आणि ती वाट जेथे जाते तो काळा डोह. डोहाच्या काळोखाला कवीने गोडवा दिला आहे. पण तो काळोख पुसलेला नाही. शेवटी त्या पाण्यात पाय सोडून बसलेले झाड.

रंगांचा विचार केल्यास निळ्या-हिरव्याकडून पांढऱ्याकडे आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारी ही हालचाल आहे. तिच्यात वेळ जवळजवळ नाही. सकाळ की सायंकाळ हे सांगितलेले नाही, ऋतूही सांगितलेला नाही. ‘श्रावणमास’ आणि ‘संध्यारजनी’ लिहिणाऱ्या कवीने, ज्याच्या जवळपास प्रत्येक कवितेला एखादा प्रहर आहे, येथे प्रहर वगळला. आहे ती केवळ जागा, आणि जागेत बसलेला कोणी. औदुंबर काही करीत नाही, काही सांगत नाही, डोहाला घाबरत नाही आणि डोहावर प्रेमही करीत नाही. तो त्या काळ्या पाण्याला लागून असतो. भयाच्या अगदी शेजारी, पाय टाकून, बसता येते, हे चित्र कविता देते. अवेळीच्या मरणासमोर एवढाच दिलासा टिकतो असे वाटते, कारण त्याला वेळेची अट नाही.

ताडोबाचे ठाणे आणि ‘औदुंबर’ यांत परस्परसंबंध असण्याचे कारण नाही. खानदेशातल्या तरुण कवीच्या डोळ्यांपुढे गोंडांचा तारू असणे शक्य नाही. तरीही पाणी, झाड, जंगलाची कड आणि तेथवर गेलेली वाट ही चार अंगे दोन्हीकडे एकच आहेत. एका ठिकाणी लोकांनी झाडाखाली मेलेल्याला बसविले, दुसऱ्या ठिकाणी कवीने झाडालाच बसविले. फरकही आहे, आणि तो लहान नाही. तारूच्या ठाण्याला नाव आहे, वाघ आहे, जत्रेला येणारी माणसे आहेत. ‘औदुंबर’मध्ये माणूस कोठेच नाही, चार घरे आहेत पण त्यांतून कोणी बाहेर पडताना दिसत नाही. नागर वाचकाला ही निर्मनुष्यता शांत वाटते. सिंदेवाहीकडच्या वाचकाला ती तशी वाटेलच असे नाही, कारण पायवाट आपोआप पांढरी होत नाही. रोज पायांनी तुडविली गेल्याने ती तशी होते.

आजवरच्या चर्चेत सर्वांचे लक्ष वाटेच्या डोहाकडील टोकावर राहिले. गावाकडील टोकाचा विचार झाला नाही. ही वाट कोणाची, तिच्यावरून कोण कशासाठी जाते, पाण्याला, गुरांना की पानांना, याबद्दल कविता मौन पाळते. ती वाट परत येते की नाही हेही ती सांगत नाही. तेंदूच्या हंगामात पहाटे गावाबाहेर पडणाऱ्या बाईसाठी मात्र तिच्या आठ ओळींतील खरा प्रश्न तोच असेल, आणि त्या दृष्टीने ‘औदुंबर’चे वाचन अद्याप व्हावयाचे आहे.